कायद्याचा सूर

मास्तरांचा उजवा हात सूर द्यायला उचलला गेला, तेवढ्यात थिएटरच्या मालकीण बॅगॉटबाई रंगमंचावरून ओरडल्या, "मास्तर, हात खाली! आता त्याची गरज नाही."

इनॉक पार्ड्यू मास्तरांचा हात तसाच अधांतरी राहिला. बावीस वर्षांत तो कुणी अडवला नव्हता. समोर बुधवारची तालीम चालली होती. तरणाबांड क्विलर, कंपनीचा नायक, आपलं भाषण मध्येच तोडावं लागलं म्हणून कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"सवय हो, बाई," मास्तर म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला. मांडीवर हाताचं करायचं काय, ते मात्र त्यांना कळेना.

लॅम्बेथच्या अँकर थिएटरात नाटक करायचं तर पियानो वाजलाच पाहिजे, अशी आजवरची रीत होती. नुसतं बोलून खरंखुरं नाटक करायचा हक्क राजाच्या सनदेनं दिलेला होता तो नदीपलीकडच्या मोठ्या थिएटरांना. अलीकडच्यांनी गावं, नाचावं, दोरीवर चालावं, कुत्री नाचवावीत. बोलू मात्र नये. अँकरनं यातून पळवाट काढली होती. नाटक पुरतं बोलायचं आणि पाच-सात वाक्यांमागे पियानोचा एक सूर टाकायचा. सूर पडला की ते झालं संगीत, आणि संगीताला परवानगी होती. मग राजपुत्र मरणाला टेकलेला असो की मायलेकींची पंधरा वर्षांनी गाठ पडत असो, मास्तरांचा 'टुंग' ठरलेला. वरच्या गॅलरीतले नावाडी आणि हमाल त्यावर एका दमात ओरडायचे, "कायदा!" आणि पुन्हा डोळे पुसायला लागायचे.

लोकांना ती गंमत होती, मास्तरांना नव्हती. त्यांच्या पहिल्याच वर्षी ते तापानं अंथरुणावर पडले असताना बदलीचा माणूस पियानोवर डोकं ठेवून झोपला. खाली बाकावर बसलेल्या एका चुगलखोरानं न पडलेले सूर बोटांवर मोजले आणि जाऊन कोर्टात सांगितले. थिएटरला सहा आठवडे टाळं लागलं. बॅगॉटबाईंच्या नवऱ्यानं त्याचा असा धसका घेतला की पुढचा उन्हाळा काही त्यानं पाहिला नाही. त्यानंतर मास्तरांनी एकही सूर चुकवला नव्हता. दात दुखत असताना वाजवला, बायकोला पुरून आलेल्या दिवशीही वाजवला. थिएटर आपल्या बोटांवर उभं आहे असं ते कधी कुणाला म्हणाले नाहीत, पण मनातून तसं मानत होते.

यंदाच्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं तो कायदाच मोडीत काढला. आता कुणालाही बोलकं नाटक करायची मुभा होती. फक्त दरबाराच्या कचेरीचा परवाना हवा. तो मोहोरबंद कागद चौकटीत बसून अँकरच्या दर्शनी दालनात लागलाही होता. बॅगॉटबाई येता-जाता पदरानं पुसावा तसा तो शालीच्या टोकानं पुसत.

आता त्याच बाई पियानोजवळ आल्या. धिप्पाड बाई, आवाज घोड्याच्या बाजारात शोभेल असा, पण मास्तरांशी बोलताना त्यांनी तो कमी केला.

"मास्तर, शनिवारी पहिला खेळ. कचेरीतले एक गृहस्थ येऊन बॉक्समध्ये बसणार आहेत. हे थिएटर नीट चाललंय का, ते बघायला. त्यांच्यासमोर जर टुंग झालं ना, तर म्हणतील, कागद बदलला तरी माणसं तमाशावालीच राहिली. पटतंय ना?"

"पटतंय, बाई."

"तुम्हाला काय मी वाऱ्यावर सोडणार नाही. बॉक्सच्या दारांच्या किल्ल्या तुमच्याकडे. बडे लोक आले की दार उघडायचं, टोप्या घ्यायच्या. काळा कोट शिवून देते."

"मेहरबानी, बाई."

"आणि ते धूड सोमवारी हलवू," बाईंनी पियानोकडे बोट केलं. "सहा माणसं लागतील. तोवर त्यावर शाल टाका."

मास्तरांनी मान डोलावली. बाईंचं काही चुकत होतं असं त्यांना म्हणता येईना. ज्या कायद्यानं त्यांचा नवरा खाल्ला, तो मेला म्हणून त्यांनी हसू नये तर काय करावं?

बॅगॉटबाई खाली बाकावर जाऊन बसल्या आणि तालीम पुढे चालू झाली. नाटक जुनं, मोठं, शोकांतिकेचं. कैदेत पडलेल्या राणीचं. आजवर नदीपलीकडेच व्हायचं. राणी होत्या हॅलिवेलबाई. या बाई विशीपासून अँकरमध्ये होत्या, आता चौपन्न वर्षांच्या. राणीची अख्खी भूमिका त्यांना तेव्हापासून पाठ होती. नदीपलीकडच्यांनी त्यांना कधी उभं केलं नाही, आणि अलीकडे कायद्यानं राणी बोलू दिली नाही. काल वाचनाच्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं उशिरा आली बया, पण आली."

क्विलरनं आपलं भाषण पुन्हा धरलं. बोलता बोलता त्यानं नेहमीप्रमाणे हॅलिवेलबाईंकडे पाठ केली आणि गॅलरीकडे तोंड करून शेवटचं वाक्य फेकलं. मग तो थांबला.

हॅलिवेलबाई गप्प.

"बाई, झालं माझं," क्विलर म्हणाला. तोंड अजून गॅलरीकडेच.

हॅलिवेलबाई गप्पच. क्विलर वळला, भुवया उंचावल्या. तशा त्या लगेच बोलू लागल्या.

"काय हो, हॅलिवेलबाई?" बॅगॉटबाईंनी खालून विचारलं. "डुलकी लागली का?"

"राणी विचार करत होती," हॅलिवेलबाई म्हणाल्या. "राण्यांनी विचार करू नये असं तुमच्या परवान्यात लिहिलंय का?"

सगळे हसले. पण पानभरानं पुन्हा तेच झालं, आणि पुढच्या प्रवेशात तिसऱ्यांदा. आता कुणी हसलं नाही. क्विलर शेजारच्या नटाला मुद्दाम ऐकू जाईल असं पुटपुटला, "वय झालं की विसरतंच माणूस." बॅगॉटबाई ओठ चावत होत्या. कंपनीत दुसरी राणी तयार होती. एकवीस वर्षांची, गोरीपान, आवाज पातळ. त्या पोरीकडे बॅगॉटबाईंची नजर एकदा जाऊन आली, ते मास्तरांनी पाहिलं.

चौथ्या वेळी क्विलर पाठ फिरवून थांबला आणि मास्तरांचा हात त्यांना न विचारता मांडीवरून उठून पट्ट्यांवर पडला. बावीस वर्षांची खोड, दुसरं काय! सूर वाजला, आणि त्याच क्षणी हॅलिवेलबाई बोलू लागल्या. शब्द चुकला नाही, श्वास चुकला नाही. थेट काळजात उतरेल असं बोलल्या.

"मास्तर!" बॅगॉटबाई कडाडल्या.

"चुकलं, बाई, चुकलं."

मास्तर माफी मागत होते, पण नजर होती हॅलिवेलबाईंच्या पायांकडे. पियानो रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात फळ्यांवरच उभा होता. बाई कुठल्याही नाटकात फिरत फिरत त्याच कोपऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. पायात कायम पातळ तळव्यांच्या सपाता. भर थंडीतही बूट घालायच्या नाहीत, भोवऱ्या दुखतात म्हणायच्या. सात वर्षांपूर्वी त्याच एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, कुठे ना कुठे वाजवायचंच आहे, तर माझ्या वाक्याच्या आधी वाजवत जा ना. सूर मिळाला की मला बोलायला बरं पडतं." मास्तर तेव्हा फुशारून गेले होते. आणि रोज खेळ संपल्यावर पियानोवरून जाताना त्या काहीतरी टोमणा मारून जायच्या. 'आज कायदा जरा उशिरा आला, मास्तर.' 'आज कायद्याला सर्दी झाली होती का?' मास्तरांना वाटायचं, थट्टेखोर बाई आहे.

बाईंना ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्या बोलणं ओळखत होत्या. ओठ दिसले नाहीत की पायाखालच्या फळीत सूर थरथरण्याची वाट बघत होत्या. आणि सात वर्षं सगळं थिएटर, खुद्द मास्तर धरून, समजत होतं की तो सूर सरकारसाठी आहे.

तालीम संपली तेव्हा मास्तर बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन भाजलेले बटाटे घेतले आणि कोटाच्या दोन खिशांत घालून हॅलिवेलबाईंच्या खोलीशी आले. दार उघडंच होतं. बाई आरशासमोर बसून केसांतले काटे काढत होत्या. आरशात मास्तर दिसले तशा म्हणाल्या, "या. आज तुमचा हात मोडला म्हणे बॅगॉटबाईंनी."

"हात शाबूत आहे. काम गेलं."

"किल्ल्या देणार आहेत ना? चांगलं आहे. उबेत बसाल."

मास्तरांनी एक बटाटा त्यांच्यापुढे ठेवला. बाईंच्या हातून एक काटा खाली पडला. मास्तर तो उचलायला खुर्चीमागे वाकले, आणि वाकल्या वाकल्या, जमिनीकडे बघत, साध्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या केसांना आग लागलीय."

बाई शांतपणे बटाट्याचं साल काढत राहिल्या.

काटा उचलून मास्तर उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. हे असं कोंडून घेऊन ही बाई सात वर्षं हजारो लोकांसमोर उभी राहिली. कुणाला म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी ती पातळ आवाजाची पोरगी उभी राहिली असती. आता आपण 'मला कळलं' म्हणालो, तर बाईंनी एवढ्या वर्षांत सांभाळलेलं आपण एका वाक्यात उघडं पाडू, असं त्यांना वाटलं. बाईंचा झगा खुर्चीच्या पाठीवर पडला होता. तो उचलून मास्तर दाराशेजारच्या खुंटीकडे गेले. खुंटीलगत कुणा जुन्या नटाचा दाढीचा आरसा टांगलेला होता, कडेनं पारा उडालेला. बाईंकडे पाठ करून, झगा खुंटीला अडकवता अडकवता मास्तर बोलू लागले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून झग्याला सांगितलं.

"मला कळलं, बाई. फार उशिरा कळलं. मी आपला समजत होतो, मी कायद्यासाठी वाजवतोय. कायदा गेला तर जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे, पण तुमचं बोलणं जाता कामा नये. राणी तुम्हीच करायची. मी काहीतरी करीन. पियानोपासून तिसरी फळी आहे ना, तिच्यावर तुम्ही उभ्या राहिलात की पुढचं मी बघतो. पण हे तुम्हाला सांगू कसं? आणि दुसरं एक आहे. तेही कधी सांगितलं नाही. मला तुमच्यासाठी वाजवायला आवडतं. बायको गेल्यापासून संध्याकाळी घराबाहेर पडायला मला दुसरं कारण नाही."

झगा नीट लागला होता तरी त्यांनी तो पुन्हा काढून पुन्हा लावला. मग वळले.

आरशातल्या बाई खाली बटाट्याकडे बघत होत्या.

"मीठ आणलंत का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातून मिठाची पुडी काढून दिली.

शुक्रवारी दुपारी थिएटरात रंगकाम चाललं होतं. मास्तरांनी सुतार जेम हॉबला बाजूला घेतलं.

"जेम, पियानोच्या पायांखालचा गालिचा काढायचा. आणि चाकंही. लाकूड लाकडावर बसलं पाहिजे."

"सोमवारी जायचंय ते धूड, मास्तर. आता कशाला त्याचे लाड?"

"काढ रे, बाबा."

जेमनं काढलं. मास्तरांनी घरून आणलेली जाड लोकरी घोंगडी तारांवर दाबून बसवली, वर झाकण लावलं आणि म्हणाले, "आता त्या तिसऱ्या फळीवर तळहात ठेव." मग पट्ट्यांच्या डावीकडच्या टोकाला दोन्ही हात घालून त्यांनी जोर केला. आवाज म्हणावा तर झालाच नाही. गादीवर उशी पडावी तेवढा.

"काही कळतंय?"

जेम गुडघ्यांवर बसून फळीकडे बघत होता. "कुशीतलं मांजर गुरगुरल्यासारखं होतंय," तो म्हणाला. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं, फळीकडे बघितलं, आणि कोपऱ्यातल्या त्या जागेवर सात वर्षं कोण उभं राहतंय हे त्यालाही आठवलं असावं. त्यानं डोकं खाजवलं.

"मास्तर, डावा मागचा पाय जरा डुगडुगतोय. पाचर मारतो. मग आणखी जोरात कळेल."

पाचर मारून तो शीळ घालत निघून गेला.

बॅगॉटबाईंकडे मात्र मास्तरांना तोंड उघडावं लागलं. "बाई, उद्याची एक संध्याकाळ मला माझ्या जागेवर बसू द्या. किल्ल्या सोमवारपासून."

"आणि हात?"

"शालीखाली. एकही सूर ऐकू येणार नाही. माझा शब्द."

बॅगॉटबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बसा. पण ऐकू आला, तर पियानोआधी तुम्हाला हलवीन."

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या हातात नव्हती, आणि रात्रभर तीच त्यांना खात राहिली. शेवटच्या तालमीत बॅगॉटबाईंनी राणीला कोपऱ्यातून उठवून मधोमध सिंहासनापाशी आणलं होतं. खरं नाटक आहे, राणी मध्येच शोभते, असं त्यांचं म्हणणं. तिथून पियानोपर्यंत बारा फळ्या होत्या. मांजर कितीही गुरगुरलं तरी तिथवर काही पोचणार नव्हतं.

शनिवारी साडेसहाला पडदा उठला तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. संत्र्यांचा, भिजलेल्या कोटांचा आणि ताज्या रंगाचा वास एकात एक मिसळला होता. उजवीकडच्या बॉक्समध्ये कचेरीतले गृहस्थ बसले होते. वाळकुडे, करड्या कल्ल्यांचे, हातात दुर्बीण. समोरच्या विंगेत बॅगॉटबाई उभ्या होत्या. मास्तर कोपऱ्यात, अंगात जुनाच कोट, हात शालीखाली.

नाटक सुरू झालं. गॅलरी वाट बघत होती. पाच वाक्यं झाली, दहा झाली, सूर पडेना. लोक चुळबुळू लागले, आणि शेवटी एका नावाड्याला राहवलं नाही.

"अरे, कायदा कुठे गेला?"

अख्खं थिएटर खदखदलं. क्विलरचा चेहरा लाल झाला, एक वाक्य त्यानं गिळलं. बॉक्समधल्या गृहस्थांनी दुर्बीण गॅलरीकडे वळवली. बॅगॉटबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात राणी आली. काळ्या झग्यात, केस मोकळे. ती सिंहासनापाशी आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. क्विलर भाषण करू लागला होता. आता वळणार, आता पाठ करणार. राणीनं सिंहासनावरचा हात काढला. कैदेतली बाई खोलीचा कोपरा न् कोपरा ओळखते तशी ती सावकाश चालत डावीकडे आली, आणि मास्तरांपासून तिसऱ्या फळीवर येऊन थांबली. झग्याची कड जरा वर झाली. पायांत सपाताही नव्हत्या, नुसते मोजे होते.

क्विलरनं पाठ केली. गॅलरीला शेवटचं वाक्य दिलं. थांबला.

मास्तरांनी शालीखाली पट्ट्या दाबल्या.

"मला दया नको," राणी म्हणाली, "मला माझं नाव परत द्या."

गॅलरीतलं हसू जागच्या जागी विझलं. त्यानंतर कुणाला कायद्याची आठवण झाली नाही. मास्तरांनी त्या संध्याकाळी एकेचाळीस सूर दिले आणि एकही कुणाला ऐकू गेला नाही. असं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. बाई बोलत होत्या आणि मास्तर त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत होते. हिला नदीपलीकडे कधी घेतलं नाही, त्या लोकांची त्यांना मनापासून कीव आली.

चौथ्या अंकात मात्र घात झाला. राणीला शिक्षा वाचून दाखवली जाते, तिथे जोराच्या भरात घोंगडी सरकली. सगळ्यात खालची एक तार मोकळी झाली आणि घुमली. हलकीच, पण घुमली. समोर बॅगॉटबाई ताठ झाल्या. बॉक्समधली दुर्बीण सरकन पियानोकडे वळली. राणीनं मान वर केली, तो आवाज आकाशातून आल्यासारखी वर बघत राहिली, आणि तो पुरता विरेपर्यंत थांबली. मगच आपलं वाक्य बोलली. खाली कुणीतरी हुंदका दिला.

पडदा पडला. टाळ्या थांबता थांबेनात. गॅलरीतून टोप्या खाली येऊ लागल्या, त्यातली एक क्विलरच्या तोंडावर बसली. बॅगॉटबाई त्या गृहस्थांना घेऊन रंगमंचावर आल्या तेव्हा मास्तर आपल्या जागेवरून उठलेही नव्हते.

"उत्तम," गृहस्थ म्हणाले. "खरं सांगू? या थिएटराबद्दल मी काहीबाही ऐकलं होतं. पियानो वाजवून वाजवून कान किटवतात म्हणे. तसलं काही दिसलं नाही."

"छे! ते जुनं झालं, साहेब," बॅगॉटबाई म्हणाल्या.

"आणि ती शिक्षेच्या वेळची घंटा. लांबून कुठून तरी आल्यासारखी. नदीपलीकडे हे नाटक मी चार वेळा पाहिलंय, पण असं कुणाला सुचलं नाही."

"मुद्दामच ठेवली हो ती," बॅगॉटबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या.

गृहस्थ गेले. बॅगॉटबाई पियानोशी आल्या. त्यांनी शालीचं टोक उचललं, झाकण उघडलं, आतली घोंगडी पाहिली. मग पियानोचे उघडे पाय पाहिले, फळी पाहिली, आणि हॅलिवेलबाईंच्या खोलीच्या दाराकडे बराच वेळ बघत राहिल्या. बाईंनी झाकण लावलं, शाल पुन्हा नीट पसरली, एक सुरकुती हातानं सारखी केली.

"सोमवारी माणसं बोलावली होती, त्यांना नको म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारावर बसलात तर घंटा कोण वाजवणार? पण घोंगडी घट्ट बसवा हो, मास्तर. रोज रोज मला खोटं बोलायला लावू नका."

मास्तर हॅलिवेलबाईंच्या खोलीशी आले. बाई आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होत्या. त्यांचे मोजे तळव्यांना काळे झाले होते. आरशात मास्तर दिसले तशा त्या हसल्या.

"आज कायदा अगदी वेळेवर होता, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली, आणि बाईंचा झगा खाली पडला होता तो उचलून, हात कामाला लावायचा म्हणून, खुंटीकडे वळले.

"तिकडे नको," मागून बाई म्हणाल्या. "काय बोलायचं असेल ते इकडे तोंड करून बोला. तो दाढीचा आरसा फार जुना आहे, अर्धे शब्द खातो. बुधवारी तिसऱ्या फळीचं तेवढं सगळं कळलं. त्याच्या पुढचं मात्र नीटसं कळलं नाही."

मास्तरांनी समोर पाहिलं. कडेनं पारा उडालेल्या त्या आरशात त्यांचा स्वतःचा चेहरा होता, आणि त्यांच्या खांद्यावरून, पलीकडच्या मोठ्या आरशातून, बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

कानापर्यंत लाल होऊन ते वळले. झगा हातातच राहिला होता. स्टूल ओढून ते बाईंच्या अगदी समोर, दिव्याच्या उजेडात बसले, झगा कुठे ठेवावा हे न सुचून मांडीवर घेतला, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत पहिल्यापासून सांगू लागले.